बीझेडफ्लॅग सर्व्हर: «चालू आहे, पण कोणाला येता येत नाही» आणि «येतात, पण टँक उड्या मारतो»

बीझेडफ्लॅग म्हणजे अनेकांनी जाळ्यावरून एकत्र खेळायचा टँकचा खेळ. त्याचा सर्व्हर चालवणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा तीनपैकी एका रूपात येते. पहिली: माझ्या मशीनवरून खेळता येतं, बाहेरच्यांना जोडताच येत नाही. दुसरी: पत्ता टाकून लोक येतात, पण सार्वजनिक यादीत सर्व्हर दिसत नाही. तिसरी सगळ्यांत चिवट: लोक येतात, खेळ सुरू होतो, आणि मग टँक जागच्या जागी थिजतो नि दुसऱ्याच क्षणी मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यात उगवतो. तिन्ही वेळा माणूस कॉन्फिग फाइल उघडून बसतो. गोळ्यांची संख्या बदल, नकाशा बदल, खेळाडू कमी कर. दोष तिथे क्वचितच असतो. तो असतो पॅकेटच्या (जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या) वाटेवर, म्हणून वाट आतून बाहेर एकेक टप्पा तपासत जायची. मधला टप्पा गाळला की तीच तक्रार पुढच्या आठवड्यात परत हजर.

खालचं सगळं २.४ मालिकेसाठी आहे. आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलमध्ये आणि फाइलमध्ये ते रोमन अक्षरांत, आकडेही इंग्रजीच टाकायचे.

आधी मशीनवरच बघा

बीझेडएफएस हा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये पोर्ट ५१५४ वर ऐकतो, आणि टीसीपी व यूडीपी (माहिती नेण्याच्या दोन पद्धती, म्हणजे प्रोटोकॉल) या दोन्हींवर ऐकतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी निम्म्या तक्रारी यातल्या «दोन्हींवर» या एका शब्दापाशी येऊन थांबतात. लिनक्सवर:

एसएस -एलएनयूटीपी | ग्रेप ५१५४

दोन ओळी दिसायला हव्यात, एक टीसीपीची आणि एक यूडीपीची, आणि पत्त्याच्या जागी ०.०.०.०:५१५४ किंवा मशीनचा खरा पत्ता. १२७.०.०.१ दिसला तर कोणीतरी -आय पर्यायाने सर्व्हर स्वतःपुरता बांधून ठेवला आहे. बाहेरचं कोणी कधीच येणार नाही.

एकही ओळ आली नाही, किंवा आलेल्या ओळींतला प्रक्रियेचा क्रमांक नव्या सर्व्हरचा नाही, पण सर्व्हर चालू असल्याचं दिसतंय? मग -पीएफ शोधा. सांगितलेलं पोर्ट अडलेलं असेल तर सर्व्हरने हार न मानता दुसरं पोर्ट घ्यावं, हा त्या पर्यायाचा अर्थ. ते दुसरं पोर्ट ऑपरेटिंग सिस्टिम देईल ते असतं, ५१५५ वगैरे ठरलेलं नसतं. आदल्या दिवशीची जुनी प्रक्रिया मागे चालू राहिलेली असते, नवी प्रक्रिया गुपचूप भलत्याच पोर्टवर जाऊन बसते, आणि फायरवॉलमध्ये उघडलेलं ५१५४ जुन्या, रिकाम्या सर्व्हरकडे नेतं. सार्वजनिक सर्व्हरवर -पीएफ ठेवूच नका. पोर्ट अडलेलं असेल तर सर्व्हरने चूक सांगणारा संदेश देऊन बंद पडलेलं बरं. निदान कळतं तरी.

एकाच मशीनवर दोन सर्व्हर चालवायचे तर प्रत्येकाला -पी ने वेगळं पोर्ट द्या, आणि -पब्लिकअ‍ॅडर (यादीत जाहीर होणारा पत्ता) मध्येही तेच पोर्ट लिहा. दुसरा सर्व्हर पहिल्याची फाइल नक्कल करून बनवला की हे दुसरं हमखास राहतं.

फायरवॉल आणि डॉकर

यूएफडब्ल्यू (लिनक्सवरची एक साधी फायरवॉल) वापरत असाल तर «यूएफडब्ल्यू अलाउ ५१५४» एवढं पुरे. प्रोटोकॉल न लिहिल्यास दोन्ही उघडतात. शेवटी /टीसीपी जोडलंत की यूडीपी बंदच राहतं. फायरवॉलडी मध्ये दोन स्वतंत्र नियम लागतात, ५१५४/टीसीपी आणि ५१५४/यूडीपी, आणि --पर्मनंट लावून घातलेला नियम --रीलोड केल्याशिवाय चालू फायरवॉलमध्ये उतरत नाही. आयपीटेबल्समध्ये नियमांचा क्रम बघा: सगळं नाकारणाऱ्या ओळीच्या खाली घातलेली परवानगी असून नसल्यासारखी.

भाड्याचं क्लाउड मशीन असेल तर मशीनच्या बाहेर आणखी एक फायरवॉल असते, तिच्या नियंत्रण पानावर. मशीनमधल्या फायरवॉलचा तिच्याशी काही संबंध नाही. दोन्हीकडे दोन्ही प्रोटोकॉल उघडायचे, म्हणजे एकूण चार परवानग्या झाल्या.

डॉकरवाल्यांनी (सर्व्हर वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्यांनी) इथे थांबून आपली आज्ञा परत वाचावी. -पी ५१५४:५१५४ एवढंच लिहिलं तर डॉकर फक्त टीसीपी जोडतं. यूडीपीसाठी -पी ५१५४:५१५४/यूडीपी वेगळं लिहावं लागतं. कंपोझ फाइलमध्येही तसंच. «डॉकरमध्ये टाकल्यापासून लॅग आला» असं कोणी म्हणालं की आधी ही ओळ मागा. डॉकर हळू चालतं वगैरे चर्चा नंतर.

राउटर, आणि पोर्ट उघडूनही काहीच होत नाही तेव्हा

घरच्या जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करताना प्रोटोकॉलच्या चौकटीत «बोथ» निवडा. ज्या अंतर्गत पत्त्याकडे पाठवताय, तो मशीनच्या मॅक पत्त्याला डीएचसीपीत राखून ठेवा. नाहीतर राउटर एकदा बंद-चालू झाला की मशीनला नवा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंग जातं तिसऱ्याच कुठल्यातरी यंत्राकडे. «महिनाभर नीट चालत होतं, आज अचानक» या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

नंतर राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा आणि आपला पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसतो तो पत्ता बघा. दोन्ही जुळायला हवेत. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १०., १९२.१६८., १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर सेवा पुरवठादाराने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे बसवलं आहे. मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं पॅकेट त्याच्या दारापर्यंत पोचतच नाही. यावर सेटिंगचा इलाज नाही. पुरवठादाराकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा सर्व्हर क्लाउडवर हलवा, किंवा यूडीपी नेणारी टनेल वापरा. फक्त टीसीपी नेणाऱ्या टनेलवर खेळ सुरू होईल आणि खाली सांगितलेला उड्यांचा आजार जडेल.

उलटी फसगतही होते. आपल्याच घरातून आपलाच सार्वजनिक पत्ता टाकून बघितला, जोडलं गेलं नाही, म्हणून लोक राउटरला दोष देतात. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत वळणारी वाहतूक जमत नाही. घरातल्यांनी अंतर्गत पत्ता वापरायचा. बाहेरची चाचणी मोबाइल डेटावरून किंवा दुसऱ्या ठिकाणच्या मशीनवरून.

चाचणी कशी, तेही नीट समजून घ्या. एनसी (पत्त्यावर थेट जोडून बघायची आज्ञा) ने साधं जोडून बसलात तर पडद्यावर काहीच येणार नाही, आणि ते बरोबर आहे: हा सर्व्हर आधी समोरच्याच्या अभिवादनाची वाट बघतो. त्याला अभिवादन द्या:

प्रिंटएफ 'बीझेडफ्लॅग\आर\एन\आर\एन' | एनसी तुमचा-पत्ता ५१५४

अभिवादनाचा शब्द सगळा मोठ्या रोमन अक्षरांत. उत्तरात बीझेडएफएस०२२१ अशी आठ अक्षरं आणि मागे एखादं विचित्र चिन्ह आलं की टीसीपीची वाट स्वच्छ. ०२२१ हा प्रोटोकॉलचा क्रमांक आहे, २.० मालिकेच्या जुन्या क्लायंटचा क्रमांक वेगळा, म्हणून तो या सर्व्हरवर येऊ शकत नाही.

यूडीपीची चाचणी अशी होत नाही. पोर्ट उघडं आहे का ते सांगणारी बहुतेक संकेतस्थळं टीसीपीच बघतात, आणि एनसी -यू कडून «यशस्वी» आलं तरी त्याला अर्थ नाही, कारण यूडीपीत जोडणी अशी नसतेच. खात्रीचा मार्ग एकच: सर्व्हरवर

टीसीपीडम्प -एन -आय एनी यूडीपी पोर्ट ५१५४

चालू ठेवा आणि बाहेरच्या कोणाला तरी खेळात यायला सांगा. काहीच उमटलं नाही तर पॅकेट वाटेत अडतंय. येणारं दिसतं पण जाणारं दिसत नाही, किंवा जाणारं भलत्याच पत्त्यावरून जातं, तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

टँक उड्या मारतो

क्लायंट आधी टीसीपीने जोडला जातो, मग यूडीपीची वाट जुळते का ते बघतो. जुळली नाही तर तो खेळ सोडत नाही, सगळं टीसीपीवरून ढकलतो. म्हणून यूडीपी बंद असलेला सर्व्हर «चालतो» आणि मालकाला काही कळत नाही. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांग थांबते. तेवढा वेळ टँक थिजलेला. हरवलेलं आलं की तुंबलेल्या हालचाली एकदम सुटतात, आणि टँक उडी मारतो. यूडीपीत हरवलेलं पॅकेट हरवलंच, पाठचं पुढे येतं, आणि डोळ्याला जेमतेम एक झटका जाणवतो.

कोणाची वाट जुळली आहे, हे सर्व्हर स्वतःच सांगतो, फक्त तिकडे कोणी बघत नाही. ॲडमिन होऊन खेळाच्या चॅटमध्ये /प्लेअरलिस्ट लिहा. प्रत्येक खेळाडूच्या पत्त्यामागे «यूडीपी+» असेल तर दोन्ही दिशा जुळल्या. अधिक चिन्हाशिवाय नुसतं «यूडीपी» असेल तर खेळाडूकडून सर्व्हरकडे पॅकेट येतंय, सर्व्हरकडून परत जाणारं पोचत नाही. काहीच नसेल तर सगळं टीसीपीवर.

आता ही यादी वाचायची कशी? कोणाच्याच नावामागे काही नाही: दोष सर्व्हरच्या बाजूला, वरच्या फायरवॉलपाशी परत जा. एका-दोघांच्याच नावामागे नाही: दोष त्यांच्या जाळ्यात, कार्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या फायरवॉल यूडीपी अडवतात. सगळ्यांच्या नावामागे नुसतं «यूडीपी», अधिक चिन्ह कोणालाच नाही: मशीनला एकाहून जास्त आयपी पत्ते आहेत का ते बघा. खेळाडू एका पत्त्यावर पॅकेट पाठवतो, सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर ऐकत असतो, पण उत्तर मशीनच्या मुख्य पत्त्यावरून निघतं. खेळाडूच्या राउटरच्या लेखी ते अनोळखी ठिकाणाहून आलेलं पॅकेट, म्हणून तो ते टाकून देतो. टीसीपीत ही गडबड होत नाही, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. इलाज एका ओळीचा: -आय मागे तो एकच सार्वजनिक पत्ता द्या.

यूडीपी जुळूनही कुरकुर असेल तर /लॅगस्टॅट्स. त्यात प्रत्येकाचा विलंब मिलिसेकंदांत, त्यातला चढउतार आणि हरवलेल्या पॅकेटांचं प्रमाण दिसतं. नुसता विलंब जास्त पण स्थिर असेल तर तो खेळाडू लांबचा आहे. त्याला काही करू नका. चढउतार सगळ्यांचाच एकाच वेळी वाढतो तेव्हा सर्व्हरची जोडणी किंवा मशीन गुदमरतंय. घरच्या जोडणीवर बहुधा कोणीतरी मोठी फाइल वर चढवत असतं. राउटरमध्ये रांगेचं नियंत्रण असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग मॉडेममध्ये तुंबणार नाही.

अपलोडचा हिशेब साधा आहे. एका खेळाडूची हालचाल बाकी सगळ्यांना पाठवायची असते: १० जण असतील तर एका फेरीत १० गुणिले ९, म्हणजे ९० पाठवण्या, २० जण झाले की २० गुणिले १९, म्हणजे ३८०. खेळाडू दुप्पट, भार चौपट. १० जणांना सुरळीत वाटणारी जोडणी २० जणांना का पुरत नाही, ते इथे कळतं.

एक तक्रार मात्र सर्व्हर कितीही मोठा घेतलात तरी जात नाही: «गोळा त्याच्या आरपार गेला, तो मेलाच नाही». बीझेडफ्लॅगमध्ये गोळा लागला की नाही हे ज्याला लागतो त्याचाच क्लायंट ठरवतो. तुमच्या पडद्यावर तो टँक जिथे दिसला, तिथे तो त्याच्या स्वतःच्या पडद्यावर नव्हता. त्यावर उपाय म्हणजे अति विलंबाच्या खेळाडूंना -लॅगवॉर्न ने सूचना आणि -लॅगड्रॉप ने निरोप. पण घाई नको. सुरुवातीला -लॅगवॉर्न ४०० एवढंच ठेवा, ड्रॉप लावू नका, काही दिवस लॅगस्टॅट्स बघा, मग आकडा ठरवा. पहिल्याच दिवशी १५० लावणाऱ्याचा सर्व्हर दुसऱ्या खंडातल्या खेळाडूंना बंद होतो, आणि मग तक्रार येते की सर्व्हर रिकामा का.

यादीत नाव येत नाही

यादीचा मध्यवर्ती सर्व्हर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या सर्व्हरने नाव नोंदवायला सांगितलं की तो दिलेल्या पत्त्यावर आणि पोर्टवर उलट जोडून बघतो. पोचता आलं नाही तर नोंद नाही. म्हणून वरचे टप्पे पार न करता यादीमागे लागू नका.

पोचता येत असूनही नोंद नाकारली तर चावी बघा. २.४ पासून सार्वजनिक नोंदीला चावी लागते, ती खेळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून एका ठरावीक होस्टनावासाठी मिळते. चावी ज्या नावाची, -पब्लिकअ‍ॅडर मध्ये तेच नाव हवं. चावी डोमेन नावाची घेतली आणि तिथे आयपी पत्ता लिहिला, की नकार. एकाच होस्टवरच्या दोन सर्व्हरांना एकच चावी चालते, पोर्ट फक्त वेगळं लिहा. आणि त्या नावाची डीएनएस नोंद आयपीव्ही४ ची हवी. नुसती आयपीव्ही६ ची असेल तर उपयोग नाही.

काय नाकारलं ते बघायला -डीडीडी लावून सर्व्हर हातानेच सुरू करा. यादीकडून आलेली चूक लॉगमध्ये उमटते. लॉगमध्ये यादीचा पत्ताच सापडत नसल्याचं दिसलं तर तुमच्या मशीनवरून बाहेर जाणारी वाहतूक किंवा डीएनएस अडलंय.

फाइलमधल्या चुका, ज्या खरोखर फाइलमधल्याच असतात

नमुना म्हणून लाल विरुद्ध हिरवा, झेंडा पळवण्याचा खेळ:

-पी ५१५४
-पब्लिकटायटल "रेड ग्रीन सीटीएफ"
-पब्लिकअ‍ॅडर टँक.उदाहरण.नेट:५१५४
-पब्लिककी तुमची-चावी
-वर्ल्ड /ऑप्ट/टँक/मैदान.बीझेडडब्ल्यू
-सी
-एमपी ०,१०,१०,०,०,६
-एमएस २
-जे
-मॅक्सआयडल ३००
-लॅगवॉर्न ४००

-एमपी (कोणत्या संघात किती जागा) चा क्रम असा: रोग (कोणत्याच संघात नसलेले एकटे टँक), लाल, हिरवा, निळा, जांभळा, आणि शेवटी प्रेक्षक. पहिला आकडा लालचा समजून १०,१०,०,०,० लिहिलं की हिरवा संघ नाहीसा होतो आणि दहा रोग टँक मोकाट सुटतात. प्रेक्षकांचा आकडा विसरलात तर नुसतं बघायला आलेल्याला जागा मिळेल याची खात्री नाही.

शीर्षकाभोवतीची अवतरणं सरळच हवीत. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणं आणि लांब झालेली डॅश सर्व्हरला कळत नाहीत. तो चुकीचा पर्याय म्हणून थांबतो आणि तुम्ही त्याच ओळीकडे दहा मिनिटं बघत बसता, कारण डोळ्याला ती बरोबर दिसते.

नकाशाचा मार्ग पूर्ण लिहा. टर्मिनलमधून चालणारा सर्व्हर सिस्टमडी (लिनक्सवर सेवा आपोआप सुरू करणारी यंत्रणा) मधून चालत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच: चालू फोल्डर वेगळं, किंवा सेवेच्या वापरकर्त्याला फाइल वाचायची परवानगी नाही. दुसऱ्याचा नकाशा आणला असेल तर त्यात «ऑप्शन्स» ते «एंड» असा भाग आहे का ते एडिटरमध्ये बघा. तुम्ही -एमएस २ लिहिलंय नि खेळात पाच गोळे सुटताहेत, तर उत्तर तिथे सापडेल. झेंड्याच्या खेळाला नकाशात दोन्ही संघांचे तळही असायला हवेत.

-वर्ल्ड दिलंच नाही तर सर्व्हर नकाशा स्वतः बनवतो, आणि शेवटचा खेळाडू गेला की नवा बनवतो. «कालचं मैदान कुठे गेलं» याचं उत्तर एवढंच.

सर्व्हर आपोआप बंद होतो

लॉगमध्ये चूक नाही, मेमरी संपलेली नाही, तरी सर्व्हर बंद? फाइलमध्ये -जी शोधा. त्याचा अर्थ एकच खेळ खेळवून थांबणे, आणि शेवटचा खेळाडू निघून गेल्यावरही तो थांबतो. हे थांबणं शून्य क्रमांकाने, म्हणजे यशस्वी समाप्ती म्हणून होतं. त्यामुळे सिस्टमडी मध्ये रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर असेल तर सेवा परत उठत नाही; तिच्या मते काहीच बिघडलेलं नाही. -जी काढा, किंवा मुद्दाम ठेवला असेल तर रीस्टार्ट=ऑलवेज करा.

एकालाच येता येत नसेल

बाकी सगळे खेळताहेत, एकच अडला आहे. त्याची आवृत्ती विचारा, मग /बॅनलिस्ट बघा. सामायिक पत्त्यामागच्या एखाद्या त्रासदायक खेळाडूला पत्त्यावरून बंदी घातली की त्याच पत्त्यामागचे निरपराधही अडकतात, पूर्ण पट्ट्यावर बंदी घातली असेल तर आणखीच. बंदीला मुदत घालून ठेवा.

एवढं करूनही अडलात आणि मदत मागायची असेल तर एसएस च्या दोन ओळी, बाहेरून केलेल्या अभिवादन-चाचणीचं उत्तर, /प्लेअरलिस्टची एक ओळ (खेळाडूचा पत्ता झाकून) आणि कॉन्फिग फाइल द्या. फाइलमधून -पब्लिककी आणि -पासवर्ड च्या ओळी आधी काढा. त्या दोन्ही गोष्टी आज्ञेच्या ओळीवर लिहून सर्व्हर सुरू करत असाल तर मशीनवरच्या कोणालाही पीएस ने त्या वाचता येतात. फाइलमध्ये हलवा आणि फाइलला ६०० परवानगी द्या.